डोहावरची माझी जागा

दौंड,
रविवार, ता. ९ मे १९७६

आदरणीय भिमाजीदादा यांना हौसरावचा सप्रेम जयभीम.

सव्वादोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही पाकीट चुलीत टाकलं नसेल, तर पुढचं वाचावं. टाकलंच असेल तर प्रश्न मिटला. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मार्केट यार्डात तोलारानं दिवसभर काट्यापाशी उभं राहायचं म्हणजे गुडघे जाणारच. तिकडं गुडघे जातात, आमच्या शेडात कान. वहिनींचा दमा उन्हाळ्यात तरी दम घेऊ देतो का? म्हैस व्याली का? (खरवसाची आशा नाही, नुसती चौकशी आहे.) इकडं आम्ही उभयता बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

डिसेंबरात मी लोको शेडातून रिटायर झालो. छत्तीस वर्षं बॉयलर ठोकून डावा कान पुरता गेला, उजवा निम्मा शिल्लक आहे. दोन खोल्यांच्या घरात मी आणि तुमची बहीण तुळजा. ती चुलीपाशी, मी दारापाशी. दिवसाला मोजून आठ शब्द बोलायची, 'जेवा', 'पाणी', 'दार लावा', असले. मला निम्मंच ऐकू येतं, म्हणजे माझ्या वाट्याला चार. शेजारच्या साखरबाई म्हणायच्या, तुमचं बरं हाय, भांडान न्हाई तंटा न्हाई. मी मान हलवायचो. भांडायलासुद्धा घरात दोन माणसं लागतात, आमच्याकडं दीडही नव्हतं.

आता जे लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नाही. आमच्या बाळासोला कावीळ झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, पुण्याला न्या. मी म्हणालो, झाडपाल्यानं उतरती. त्या रविवारी सकाळी त्याचा ताप उतरला होता. पेज प्याला, उठून बसला, आणि म्हणाला, "आबा, मी बरा झालो की मला बी नदीवर न्या." मी नेहमीसारखं म्हणालो, "तू बडबड्या हायस, मासं पळत्यात." बावीस वर्षांचं पोरगं, पण त्या बाबतीत त्याला पाच वर्षांचा असल्यापासून एकच उत्तर. मी गळ घेऊन गेलो. दुपारी चार मासे दोरीत ओवून परत आलो, तर दारात माणसं. त्या माणसांत तुम्ही होता. तुम्ही माझ्या हातातल्या माशांकडं बघितलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "माशांपायी पोरगं घालवलंस." (आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला अरेतुरे केलंत.) त्यानंतर तुम्ही दौंडात पाऊल टाकलं नाही, आणि मी गळाला हात लावला नाही. तुळजाचा मुलगा गेला तो गेला, भाऊही गेला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तिला म्हणालो, मासे धरून येतो. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि 'बरं' म्हणाली. मी पुलाच्या वरच्या अंगाला, माझ्या नेहमीच्या डोहावर जाऊन खडकावर बसलो. दादा, मासे धरायला मी गेलो नव्हतो. ज्याला पोहता येत नाही असा माणूस चपला काढून डोहाच्या अगदी काठाला बसतो, तो कशाला, हे तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला फोड करून सांगायला नको. पण मी साधा विचार केला नव्हता की गळ घरी खुंटीवरच आहे. तुळजानं वर बघितलं असणार. ती आली ती अनवाणी, धापा टाकत, एका हातात गळ आणि दुसऱ्या हातात पिठाचा डबा. गांडुळं कुठून काढतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळा डबाच उचलून आणलेला. माझ्या चपलांकडं तिनं बघितलं, त्या उचलून स्वतःच्या मांडीखाली घेतल्या, आणि त्यांच्यावर बसली.

"गळ इसरला तुमी," म्हणाली.

"व्हय."

"मंग आता मला शिकवा. कसं धरत्यात?"

तीस वर्षांच्या संसारात मी तिला एकही गोष्ट शिकवली नव्हती, आणि त्या दिवशी गळाला पीठ लावताना आकडा माझ्याच अंगठ्यात घुसला. पहिला मासा मीच. तिनं आकडा दातांनी धरून काढला आणि म्हणाली, "सोपं हाय की."

इथून पुढं माझे हाल सुरू झाले. दोन वर्षं मुकी असलेली बाई पाण्यापाशी बसली की बोलू लागली. माझ्याशी नव्हे, माशांशी. "ये बाबा, भाकरीचं पीठ हाय, तुला काय कमी केलंय का?" मला निम्मंच ऐकू येत असल्यामुळं मला वाटे ती माझ्याशी बोलतेय, आणि मी दर वेळी 'व्हय व्हय' म्हणायचो. दुसऱ्या रविवारी तिच्याबरोबर साखरबाई शेंगा भाजून घेऊन आल्या आणि टरफलं पाण्यात टाकत बसल्या. तिसऱ्या रविवारी रिटायर गार्ड पोपटराव आले, छत्री आणि ट्रान्झिस्टर घेऊन. या माणसाला दर पाच मिनिटांनी उठून हिरवा बावटा दाखवावा तसा रुमाल झाडायची सवय आहे. चौथ्या रविवारी तिथं स्टोव्ह पेटला आणि चहा झाला. इतकी वर्षं ज्या खडकावर मी एकटा बसलो, जिथं शेडातला खडखडाट माझ्या कानातून जरा खाली उतरायचा, तिथं मला टेकायला जागा उरली नाही. मासा तर सोडाच, बेडूकही फिरकेना. शेवटी मी ओरडलो. बहिरा माणूस ओरडतो तेव्हा त्याला स्वतःचा अंदाज नसतो, पार पुलावरचे लोक थांबले म्हणे. "ही माझी जागा हाय! चला, उठा समदी!"

पोपटरावांनी ट्रान्झिस्टर बंद केला. साखरबाई शेंगा गोळा करू लागल्या. तुळजा तेवढी उठली नाही. पाण्याकडं बघतच ती म्हणाली, "त्यो बी येतो म्हनत व्हता. त्याला बी असंच म्हनाला व्हता."

ते मला सगळं ऐकू आलं.

मी खाली बसलो. मग मी पोपटरावांना म्हणालो, लावा तुमचा रेडिओ, जरा मोठ्यानं लावा, मला ऐकू येत नाही. आणि माझी खडकावरची सपाट जागा तुळजाला दिली, मी तिच्या मागं चिखलात बसलो. पुढच्या रविवारपर्यंत मी बांबू तासून आणखी तीन गळ केले, तरंगण्यांना मोराची पिसं लावली. साखरबाईंना गळ दिल्यापासून टरफलं थांबली. (माणसाच्या हाताला काम दिलं की तो दुसऱ्याचं वाटोळं करत नाही, हे मला शेडात ठाऊक होतं, घरी ठाऊक नव्हतं.)

मागच्या रविवारी तुळजाच्या गळाला मरळ लागला. दोन शेराचा तरी असेल, बांबू कमान झाला. मी म्हणालो, आण इकडं, तुला जमायचं नाही. ती म्हणाली, सोडा. मी सोडला नाही. दोघांच्या ओढाताणीत शेवाळावरून पाय सटकला, आणि फेब्रुवारीत ज्या पाण्यात मला जायचं होतं त्यात मी मे महिन्यात, अजिबात मनात नसताना, गेलो. दादा, खरं सांगतो, मला जगायचं होतं. तोंडात पाणी, नाकात पाणी, आणि मी हात मारतोय, ओरडतोय. पोपटरावांनी छत्री पुढं केली, ती उघडली. साखरबाई पिठाचा डबा वाजवू लागल्या. आणि तुमची बहीण कासोटा मारून डोहात उडी घेती झाली! घोडनदीच्या पुरात तुम्ही दोघं भावंडं पोहायचा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. (मी विचारलंही नव्हतं.) डोक्यावर उरलेल्या मूठभर केसांना धरून तिनं मला काठाला आणलं. मरळ गेला, गळ गेला, माझा चष्माही गेला.

काठावर मी पाणी ओकत असताना ती हसू लागली. पोट धरून हसली. आम्हीही हसलो. मग ती थांबेना, आणि थोड्या वेळानं आमच्या लक्षात आलं की आता ती हसत नाहीये. बाळासोला नेलं त्या दिवशीही ती रडली नव्हती, तुम्ही होता, तुम्हाला ठाऊक आहे. साखरबाईंनी तिला जवळ घेतलं. पोपटराव रुमाल हातात धरून नुसते उभे राहिले. मी तिचे पाय धरून बसलो, कारण दुसरं काय धरायचं ते मला कळेना.

असो. लहानांना आशीर्वाद, वहिनींना जयभीम.

आपला,
हौसराव

ता. क. – तुमच्याकडची, न्हावऱ्यावरून येणारी एसटी सकाळी साडेनऊला इथं पोचते. हे सहज लिहिलं.

ता. क. दुसरा – 'माफ करा' असे शब्द या पत्रात शोधू नयेत. तीन कागद त्यापायी फाडले. तो शब्द मला समोरासमोर तरी बोलता येईल की नाही, शंका आहे. पण तुम्हाला माझ्या एक थोबाडीत ठेवून द्यायची असेल तर उजव्या बाजूला देऊ नये, तो कान चालू आहे.

ता. क. तिसरा – घोटाळा झाला. पाकीट चिकटवण्याआधी मी खळ शोधायला आत गेलो, तेवढ्यात तुळजानं हे सगळं शेजारच्या गिताबाई मास्तरणींकडून वाचून घेतलं. तांदूळ निवडत तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही मान वर केली नाही. मी दारात उभा. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एवढी पानं कशाला काळी केली? एका कार्डात भागलं असतं." मी विचारलं, कार्डात काय लिहायचं? तिनं सांगितलं ते गिताबाईंच्या अक्षरात खाली आहे. तेव्हा वरचं सगळं मी लिहिलंच नाही असं समजावं, आणि फक्त एवढं वाचावं:

दादा, ये. मी वाट बघती.
– तुळजा