नोडोण

आदरणीय सर,

तुम्ही मंत्री झालात तेव्हा निपाणीत पेढे आम्हीच वाटले. आईने विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून टीव्हीवर तुमची शपथ पाहिली.

काल बेळगावात विश्रामगृहावर तुम्हाला भेटले. आपल्या कॉलेजातला मराठी बी.ए.चा वर्ग बंद होतोय, तो राहू द्या, एवढंच मागितलं. माझ्या धाकट्या बहिणीला, तेजस्वीला, आप्पा शिकायला कोल्हापूरला पाठवणार नाहीत. तुम्ही निवेदन पीएकडे दिलंत आणि हसून म्हणालात, "नोडोण."

सर, हा शब्द तुम्हीच राज्यशास्त्राच्या तासाला शिकवलात. "कचेरीत कन्नडमध्ये 'नोडोण' म्हणोत की मराठीत 'बघू', दोन्हींचा अर्थ 'नाही'. लगेच विचारायचं, कधी?" सगळा वर्ग हसला होता. काल माझ्या तोंडून मात्र "थँक्यू सर" निघालं.

घरी आई म्हणाली, "सरांनी 'न्हाय' तर म्हटलं न्हाय न्हवं? तेवढं लई झालं." तेजस्वी तुमच्या वर्गात कधी बसली नाही. तिनं ताटावरून मान वर केली. "व्हय गं आक्का, पण कधी?"

हे पत्र टाकलं तर तुमचा पीए त्यावरही तोच शब्द लिहील. म्हणून टाकत नाही.

तुम्हीच बोलायला शिकवलेली,
रेणुका