हनुवटीखालचा पट्टा

१२ नोव्हेंबर
अलकाचा फोन. ऊसतोडीची टोळी पोचली, नेवाशाच्या पुढं तळावर राहायच्या कोप्या उभ्या झाल्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी बहीण, पण फोनवर म्हातारीचा आवाज येतो. मान दुखते का विचारलं.
"ती कवा न्हाई दुखत? तू चुंबळीचं काय केलं ते सांग."
दिवाळीत आली होती तेव्हा तिला न्हाऊ घातलं. टाळूवर रुपयाएवढी जागा, केस नाहीत, कातडी टाचेसारखी. उसाच्या मोळ्या वाहून. मोळीखाली चुंबळ कसली, तर फाटक्या लुगड्याची गुंडाळी. आणि मी इथं नगरजवळ भिंगारमध्ये वीस वर्षं लष्कराच्या कॅनव्हासच्या पिशव्या शिवते. जवानांच्या खांद्याला पट्टा काचू नये म्हणून आत काय घालायचं ते मला बरोबर कळतं.
नं. १ तयार. कॅनव्हास, आत फोमचे दोन थर, मागं मानेवर झापड, उसाच्या पाचटानं कातडी कापू नये म्हणून. हे म्हणाले, "बाळाचं टोपडं दिसतंय." दिसू दे.

२० नोव्हेंबर
बायकांच्या उद्योग शिबिराचा शेवटचा दिवस. लोणची, पापड, अगरबत्तीवाल्या सगळ्या. मी एकटी चुंबळ घेऊन.
शिकवणाऱ्या मॅडम: "वापरणार कोण?"
म्हटलं, ऊस तोडणाऱ्या बायका.
"आणि विकत घेणार कोण?"
 त्या बायका स्वतःसाठी कधी काही विकत घेतात?
चहाच्या वेळी मॅडमनी बाजूला बोलावलं. म्हणाल्या, आधी दहा नग नुसते वापरायला द्या. तिथं जाऊन बघा. शिकवायला जाऊ नका, बघा फक्त. त्या सांगतील तसं बदला.
हे पटलं. दहा कापायला घेतले.

२ डिसेंबर
तळावर जाऊन दहाही वाटून आले. दिवसभर उसाच्या फडात बसले.
दहापैकी एक बाळाच्या डोक्याखाली. एक बसायला. सहा कोपीत ठेवून दिल्या, "नवी हाय, खराब हुईल." बोलायचं नाही म्हणून बोलले नाही. 
डोक्यावर खरी घातली ती अलकानं आणि तिची जाऊ मंदा हिनं. मंदा तिशीची, सारखी हसणारी. चार खेपा झाल्यावर माझ्याजवळ आली.
"ताई, लई मऊ लागतंय. पन गाडीत मोळी टाकली का ही बी मोळीसंगं जाती. परत हुडकायची. मुकादम वरडतो."
अलका म्हणाली, "हनुवटीखालनं पट्टा लाव की. हेल्मेटला असतो तसा."
मंदा म्हणाली, व्हय, ते ब्येस हुईल.
वहीत लिहून घेतलं. येताना एसटीत मनातल्या मनात शिवत होते.

९ डिसेंबर
नं. ३. बॅगचं प्लास्टिकचं बक्कल लावलं, एका बोटानं बसतं. पट्टा दुहेरी शिलाईचा. स्वतः घालून घरात फिरले, पट्टा ओढून, डोकं हलवून बघितलं. हलत नाही. अशा दहा शिवून तिकडं जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडं दिल्या.

१८ डिसेंबर
अलकाचा फोन. सगळ्या घालतात! मंदा भाकरी थापतानासुद्धा काढत नाही म्हणे. शेजारच्या टोळीतल्या बायका हात लावून बघून गेल्या.
मशीनवर बसल्या बसल्या रडू आलं. हे घाबरले, म्हणाले काय झालं. काही नाही म्हटलं.
मुकादमही खूश. कारण "बाया जास्त खेपा करत्यात." हे ऐकल्यावर मात्र सुई जरा थांबली. ह्यासाठी नव्हती शिवली. पण विकत घेणार कोण, ह्याचं उत्तर मिळालं. मॅडमना फोन करून सांगितलं. त्याही खूश.

२७ डिसेंबर
नगरला गेले. मुकादमांना कोयते, ताडपत्री पुरवणारे एक शेठ आहेत. चुंबळ उलटीपालटी केली, पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. "मजबूत आहे." पाचशे नग, संक्रांतीच्या आत. एक नमुना ठेवून घेतला.
चार बायका लावाव्या लागतील. गल्लीतल्या दोघींना विचारलं. कापड निळं घ्यायचं ठरलं.

३ जानेवारी
मंदा पडली. मोळी घेऊन गाडीवर चढायच्या फळीवरून. एवढंच कळलं. अलका फोनवर नीट बोलत नाही.

५ जाने.
तिला नगरला आणलंय, सरकारी दवाखान्यात. मानेला पट्टा, डोळे छताकडं. हात थोडे हलतात, बोटं नाहीत. पाय अजिबात नाहीत. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. कशाला वेळ लागेल ते म्हणाले नाहीत.
मुकादम सगळ्यांना सांगतो, दवानं फळी ओली झाली हुती, पाय सटकला. मंदाचा नवराही तेच सांगतो.
अलकानं मला जिन्यात नेलं.
"पाय सटकला का आमी मोळी सोडून देतो, ताई. चुंबळ जाती, मोळी जाती, बाई राहती. हिच्या मोळीचा बांध झापडीत अडकला. पट्टा सुटलाच न्हाई. मोळीनं मान धरून वढत नेली तिला."
मग म्हणाली, "मीच म्हनले हुते पट्टा लाव."
मी म्हटलं, शिवला मी. ओढून बघितला मी.
पडण्याचा विचारच केला नव्हता. हातानं ओढला, डोकं हलवलं. पडून बघायला हवं होतं ना.

६ जाने.
अलकाला सांगितलं, सगळ्यांचे पट्टे कापायला लाव. तिनं परवाच कापलेत. कोयत्यानं.
ह्यांना सांगितलं. "फळीच असेल. कुणी तुझं नाव घेतलंय का? मग कशाला अंगावर ओढून घेतेस?"
गल्लीतल्या दोघींना पाचशेचं काम थांबवायला सांगितलं.

८ जाने.
मंदाला सांगून टाकलं. नवरा चहाला गेला होता. पाठ केलेली वाक्यं होती, सगळी विसरले. म्हटलं, मंदा, ते पट्ट्यानं झालं.
ती म्हणाली, "म्हाईत हाय. गळ्याला कळलं की."
 पलीकडच्या खाटेवर कुणीतरी मोसंबी सोलत होतं.
"पन ताई, तवर मान दुखत न्हवती."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी पाजलं. अर्धं ओघळलं, पुसलं.

१३ जाने.
पट्टा काढला तर चुंबळ पडते, बायका घालत नाहीत. ठेवला तर मारते. अलकाला वेलक्रो लावून दिला, पाचटाची कुसं भरून चार दिवसांत निकामी. मग सुचलं: कच्चा टाका. पट्ट्याचं एक टोक एकेरी दोऱ्यानं टाचायचं. रोजच्या कामात टिकेल, जोराचा हिसका बसला की उसवेल. वाळूची पिशवी अडकवून दारातून खाली सोडली. बारा वेळा. बाराही वेळा उसवला. झापडही काढून टाकली.
नं. ५ घेऊन शेठकडं. सगळं सांगितलं, मंदाचंही.
"ती फळीवरनं पडली ना? मी ऐकलंय."
पट्ट्यानं पडली म्हटलं.
"अहो ताई, तुटणारा माल कोण घेतं? आठ दिवसांत परत आणून टाकतील."
तुटण्यासाठीच केलाय म्हटलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. माझा नमुना परत मागितला. "गोडाऊनला आहे, शोधून ठेवतो."

१९ जाने.
नमुना मिळत नाही म्हणे. आता फोन उचलत नाहीत.
मॅडमना विचारलं काय करू. म्हणाल्या, डिझाइनची नोंदणी करायला हवी होती आधी. मी म्हटलं, मॅडम, चोरीचं नाही विचारत मी, तो पट्टा आता पाचशे गळ्यांत जाईल.  मग म्हणाल्या, मला माहीत नाही हो.

१ फेब्रुवारी
अलकानं कळवलं, पलीकडच्या कारखान्याच्या तळावर निळ्या चुंबळी आल्यात. मुकादमानं वाटल्या.
सुई, दोरा, उसवणी घेऊन गेले. खरंच. झापड तीच, बक्कल तेच, दुहेरी शिलाई. माझ्यापेक्षा सफाईदार.
पहिल्या बाईला सांगायला गेले, ती मागं सरली. "नवी हाय, कशाला उसवता?" मंदाचं सांगितलं. चुलीपाशी बसून तिनं सगळं ऐकून घेतलं, मग काढून माझ्या मांडीवर ठेवली. झापड कापली, पट्टा उसवला, कच्चा टाका घातला. आणखी दोघी आल्या.
मुकादम आला. "कोन तुमी?"
"ही चुंबळ मीच शोधून काढलेली आहे."
"मग बिघडवता कशाला?"
सांगत होते. तो ऐकत होता की गाडीकडं बघत होता, कळलं नाही. तीन झाल्या. चौथी द्या म्हणून हात पुढं केला, तोवर ती बाई मोळी घेऊन फळीवर चढली होती. बक्कल लावलेलं.