घरी आलेली पॉइंट गार्ड

९ ऑक्टोबर २०११

आले एकदाची घरी. आता परत जाणं नाही.

व्हर्लीननं कॅटफिश तळले होते. जेवता जेवता जोसेलिन म्हणाली, "मम्मा, मीठ दे गं." मीठ माझ्यासमोर होतं. मी उचलून दिलं. "थँक्यू, डॉट."

डॉट! टीव्हीवरचे समालोचक म्हणायचे तसं. मी तिची आई, व्हर्लीन माझी थोरली बहीण. पण एक वर्षाच्या पोरीला बहिणीच्या कडेवर देऊन मी रशियाला गेले, तेव्हापासून मम्मा तीच. पोरीचा बाप शिकागोला गेला तो गेलाच. उन्हाळ्यात इथली लीग, हिवाळ्यात रशिया, कोरिया, तुर्कस्तान. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये नुसत्या उन्हाळ्यावर वर्ष निघत नाही. असे अकरा हिवाळे गेले.

तिला मिठाचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

११ ऑक्टोबर

पहाटे जाग आली. सराव नाही काही नाही. तरी बूट चढवले, मग पायरीवर बसून सोडले.

१५ ऑक्टोबर

व्हर्लीननं विचारलं, "संघातून काढलं म्हणजे नेमकं काय म्हणाले गं?" नेमकं काय! शेवटच्या सामन्यानंतर कोचबाईंनी खोलीत बोलावलं. "डॉट, पुढच्या वर्षी आम्ही तरुण मुली घेतोय." मी म्हणाले, "बरं." दाराबाहेर त्यातलीच एक तरुण मुलगी उभी होती. पास कधी द्यायचा आणि कधी हातात धरून ठेवायचा, ते तिला मीच वर्षभर शिकवलं होतं. ती रडायला लागली. मीच तिची पाठ थोपटली.

व्हर्लीन म्हणाली, "आणि तुझी कुणी थोपटली?"

मी बर्फ आणायला उठले. दोन्ही गुडघ्यांवर बर्फ ठेवल्याशिवाय अजून झोप लागत नाही.

२४ ऑक्टोबर

आज जोसेलिनला शाळेत सोडलं. ती शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. वाजवते कसली, अख्खी गल्ली उठवते! गाडीत विचारलं, "तुला कधी खेळावंसं नाही वाटलं?"

"मला घाम आवडत नाही."

मी हसले. ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आणि बँडवाले रात्री घरी येतात."



५ नोव्हेंबर

आज माझ्या जुन्या शाळेनं माझी जर्सी जिमच्या छताला मानानं टांगली. अख्खं गाव आलं होतं. चर्चमधल्या बायका टोप्या घालून पहिल्या रांगेत. त्यांच्यातल्या मिसेस क्रेनशॉ कानाशी येऊन म्हणाल्या, "टीव्हीवर बारीक दिसायचीस हं!" पाद्रीबुवांची प्रार्थना इतकी लांबली की मागची पोरं चुळबुळायला लागली. बँड वाजला. जोसेलिन तिसऱ्या रांगेत, गाल फुगवून.

मी चार वाक्यं बोलले. जवळच्या सेल्मा शहरातल्या वर्तमानपत्राचा एक तरुण वार्ताहर होता. कुणीतरी त्याला सांगितलं, ती ट्रंपेटवाली हिची मुलगी. तो तिच्याकडे गेला. मी जवळच होते, सगळं ऐकू आलं.

"काय गं, आईचा अभिमान वाटतो?"

"हो. तिला परवा बढती मिळाली. आता वॉर्डाची मुख्य नर्स आहे."

आणि तिनं व्हर्लीनकडे बोट दाखवलं.

तो गोंधळला. व्हर्लीननं मान खाली घातली. मी मोठ्यानं हसले. दुसरं काय करणार! लोकही हसले. वर जर्सी हलत होती, कारण पंखा चालू होता.

६ नोव्हेंबर

व्हर्लीनशी भांडण झालं.

मी म्हणाले, "तू तिला माझं नाव घ्यायला लावलंस. आई म्हणायला शिकवलं का नाहीस?" तिच्या हातात कपड्यांची टोपली होती. ती तिनं जमिनीवर आपटली.

"फोटो दाखवून शिकवायचं? ताप आला की फोटोला हाक मारायची तिनं? मी आहे तिथं उभी होते, डॉट. पोर बघेल ना कोण उभं आहे ते!"

मग खाली बसून टॉवेलच्या घड्या घालायला लागली. घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "कर्टिस तिकडे मोबील शहरात माझ्यासाठी थांबलाय. घर घेतलंय त्यानं. दर नाताळाला लग्नाचं विचारतो. दर नाताळाला मी सांगते, पोर जरा मोठी होऊ दे. या नाताळाला मी 'नाही' म्हणणार नाही."

कर्टिस तिचा मित्र. ट्रक चालवतो. मला वाटायचं, तो नुसता रविवारी जेवायला येतो!

"मग जोसेलिन?"

"तू आलीस ना आता घरी," ती म्हणाली. पुढचा टॉवेल उचलत म्हणाली, "पण ती तुझ्याकडे राहायची नाही. माझ्याबरोबरच येईल. तुला वाईट वाटू देऊ नकोस."

म्हणे वाटू देऊ नकोस!

१४ नोव्हेंबर

माझी एजंट रोंडा हिचा फोन. इस्तंबूलच्या एका संघाची पॉइंट गार्ड पाय मोडून पडलीय. त्यांना चेंडू सांभाळणारी, डोकं ताळ्यावर असलेली बाई हवी. जानेवारी ते मार्च. "त्यांनी तुझंच नाव घेतलं, डॉट. तुझंच!"

किती दिवसांनी कुणीतरी माझंच नाव घेतलं.

१६ नोव्हेंबर

शाळेच्या मैदानावर एकटीच गेले. गुडघे कुरकुरले, मग गरम झाले, मग विसरले. चेंडू जाळीतून जातो तो आवाज! इथं मला कुणाला काही विचारावं लागत नाही. घरात मात्र चमचे कुठल्या खणात, तेही विचारावं लागतं.

१७ नोव्हेंबर

हो म्हणाले.

२४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की, कोलार्डची पालेभाजी, रताळ्याची गोड पाई. कर्टिसही होता. पाई कापताना मी सांगितलं. जानेवारीच्या तीन तारखेचं विमान.

कर्टिस ताटाकडे बघत राहिला. जोसेलिन म्हणाली, "बरं." आणि बशी पुढे केली. "मला कडेचा तुकडा."

स्वयंपाकघरात व्हर्लीननं मला गाठलं. आवाज दबका. "दीड महिना! दीड महिना सहन नाही झालं तुला?"

"ती तुझ्याबरोबर चाललीय ना? मग मी इथं रिकाम्या घरात काय भिंती राखू?"

"मी म्हटलं येईल. तू एकदा तरी म्हणायचं होतंस, नको नेऊस!"

मला हे सुचलंच नाही. देवाशप्पथ, सुचलंच नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्यांनी ठरवायचं आणि मी बॅग भरायची. या गावाहून त्या गावाला. कुणाला 'नको' म्हणायची सवयच राहिली नाही.

पण आता शब्द दिलाय.

४ डिसेंबर

चर्चहून येताना गाडीत आम्ही दोघीच. जोसेलिननं अचानक विचारलं, "तिकडून फोन करायचीस ना, ठेवल्यावर काय करायचीस?"

"तेव्हा तुमच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. सरावाला जायची."

"लगेच?"

"लगेच."

"रडायची नाहीस?"

"बसमध्ये. तिथं सगळ्या कानात गाणी घालून बसलेल्या असतात. कुणी बघत नाही."

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "मी कपाटात. मम्माच्या कोटांमध्ये. नंतर मोठी झाले, मग नाही."

गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. घेतली नाही. तिला आवडलं नसतं.

१० डिसेंबर

घरभर खोकी. व्हर्लीननं भांडी वाटून घेतली — लोखंडी तवा तिचा, बाकी माझं. जोसेलिनच्या खोक्यांवर तिच्याच अक्षरात लिहिलंय: मोबील. एकही अजून चिकटवलेलं नाही.

१७ डिसेंबर

लग्न झालं. व्हर्लीन सुंदर दिसत होती. कर्टिस अंगठी घालताना रडला आणि अख्ख्या चर्चनं "आमेन" म्हटलं. जोसेलिननं ट्रंपेट वाजवला. एका ठिकाणी सूर घसरला, तिनं परत पकडला.

१८ डिसेंबर

आज निघायचं होतं. कर्टिसनं ट्रक भरला. जोसेलिन कुठे दिसेना. शेवटी मागच्या ओसरीवर सापडली. ट्रंपेटची पेटी मांडीवर, पाय खांबाला लावलेले.

"चल गं सोन्या," व्हर्लीन म्हणाली.

"मी नाही येत."

"अगं, नवी शाळा बघून आलोय ना आपण?"

"तुम्ही बघून आलात." मग एकदम ओरडलीच! "डॉट म्हणते मी तुझ्याबरोबर, तूही म्हणतेस मी तुझ्याबरोबर! मला कुणी विचारलं? मार्चमध्ये आमच्या बँडची स्पर्धा आहे. माझी शाळा इथं, माझी खोली इथं. तुमच्यातली जी कुणी इथं राहील तिच्याकडे मी राहीन!"

व्हर्लीन माझ्याकडे बघत होती. ओठ चावून. "परत खोकी उतरव" म्हणायच्या बेतात होती, मला दिसत होतं. कर्टिस ट्रकजवळ टोपी हातात धरून उभा. आणखी एक नाताळ थांबायची तयारी त्या माणसाच्या तोंडावर दिसली.

मी म्हणाले, "व्हर्लीन, तू जा."

"आणि तीन तारीख?"

"जा म्हटलं ना!"

पोरीला मी नको होते, घर हवं होतं. हे मला कळत नाही असं नाही.

जोसेलिनची खोकी उतरवून ट्रक गेल्यावर ती आत गेली आणि कपाटाचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. कोट सगळे मोबीलला गेलेत. मी दाराबाहेर जमिनीवर बसले. गुडघे वाकेनात. तरी बसले.

१९ डिसेंबर

रोंडाला फोन केला. ती खूप बोलली. म्हणाली, आता कुणी परत विचारणार नाही. मी म्हणाले, "बरं." मग रिसीव्हर ठेवून जोसेलिनची खोकी तिच्या खोलीत नेली.

३ जानेवारी २०१२

विमान गेलं असेल. मी मक्याचा पाव केला. बुडाशी करपला. जोसेलिननं काळा भाग सुरीनं खरवडला, उरलेला खाल्ला आणि म्हणाली, "उद्या मम्माला फोन करून नीट विचारून घे, आई."