सात हाली, सहा कलदार

गुरुजी, काल बातम्यांत रुपया घसरल्याचं सांगत होते आणि माझा नातू म्हणाला, "आपल्याला काय त्याचं, आजी? आपण कुठं डॉलर वापरतो?" मी त्याच्यावर अशी भडकले की तो ताटावरून उठला. बिचाऱ्याचा काय दोष? राग तुमच्यावरचा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो विझलेला नाही, आणि आज मी तो कागदावर उतरवणार आहे.

निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती, पण त्याचा रुपया आपल्या मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजारात अजून चालत होता. आपल्याकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं मुंबई राज्यातल्या बार्शीत भारत सरकारचा कलदार. माझी आई खवा करायची. सकाळभर चुलीपुढं दूध आटवायचं, दंड भरून येईस्तोवर उलथनं फिरवायचं, आणि ओल्या फडक्यात बांधलेला खवा पेठेतल्या व्यापाऱ्याकडं पोचवायचा. तो मोटारीनं बार्शीला धाडायचा. बोली साधी होती: बार्शीत येईल तो भाव आईचा, रुपयामागं एक आणा त्याची दलाली. बार्शीहून सहा रुपये आले की दलाली कापून उरलेले तो आईच्या हातावर मोजायचा. फक्त आलेले असायचे कलदार आणि दिलेले असायचे हाली. आईच्या लेखी रुपया म्हणजे रुपया. ती त्याला दुवा देत घरी यायची.

मग एक दिवस तुम्ही फळ्यावर लिहिलंत, सात हाली बरोबर सहा कलदार. "हा सरकारी भाव आहे, कुणाच्या बापाला बदलता येणार नाही," असं ठणकावून म्हणालात. उदाहरण सगळ्यांत आधी मी सोडवलं आणि सोडवता सोडवता मला आईचा खवा दिसला. मधल्या सुट्टीत तुमच्यापाशी आले. तुम्ही ऐकून घेतलंत, पाटीवर पुन्हा मांडून पाहिलंत. "तुझं बरोबर आहे, पोरी. सहा कलदाराचे सात हाली झाले पाहिजेत. आईला म्हणावं, माग." हे तुमचे शब्द आहेत, गुरुजी. मी एकही अक्षर पदरचं घातलेलं नाही.

आई आधी घाबरली, पण गेली. मी शेजारी पाटी धरून उभी. व्यापारी चिडला नाही, हसला. "कोण म्हणतंय असं?" "माझी लेक म्हणती. शाळंत गुरुजींनी शिकवलंय." त्यानं तुम्हाला बोलावणं धाडलं. तुम्ही येताय, टोपी नीट करताय, हे मला आत्ता समोर दिसतंय. दुकानात भिंतीला नवे कोरे पत्रे टेकवलेले आहेत, आपल्या गळक्या शाळेसाठी त्यानं देऊ केलेले. तुमची नजर आधी त्या पत्र्यांवर जाते, मग माझ्यावर. व्यापारी विचारतो, "मास्तर, बाजारात रुपयाला रुपया असतोय का न्हाय?" तुम्ही माझ्या हातातली पाटी घेता, बरोबर सोडवलेलं उदाहरण ओल्या बोटानं पुसता आणि म्हणता, "हे गणित सरकारी खजिन्याचं. बाजाराचं नव्हे. पोर चुकली." वर मलाच विचारता, "चुकलीस ना? सांग आईला." मी दहा वर्षांची. चुकले, म्हणाले.

आणि माफी कुणी मागितली? माझ्या आईनं. "शेटजी, मनात धरू नगा. म्या अडाणी, अन् पोरीला काय कळतंय." जिच्या घामातला सातवा रुपया दर खेपेला खाल्ला जात होता, तिनं हात जोडले, आणि तुम्ही ते उभ्यानं पाहिलंत! दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवी पाटी दिलीत. शाळेवर पत्रे चढले. पुढं तुमचा पगार हालीचा कलदारात झाला, तेव्हा तुम्ही तोच सात-सहाचा भाव लावून पैपर्यंत हिशेब ताडून घेतलात. तेव्हा का नाही म्हणालात रुपयाला रुपया?

शेवटी हाली बंद झाले. त्या आठवड्यात व्यापाऱ्याला अचानक गणित आलं. बार्शीहून सात कलदार आले, तर यानं सहा धरले आणि त्यातूनही दलाली कापली. "आता कलदार देतोय, बाई. जड रुपया हाय. सातला सहा, सरकारी भाव." आई घरी आली. कढई घासत बसली. घासता घासता म्हणाली, "तवा गुरुजी म्हणले रुपयाला रुपया. आता हे म्हणत्यात सातला सहा. पोरी, खरं सांग, तवा तुझं गणित बरोबर होतं का गं?"

तुम्हाला वाटत असेल, मी सांगितलं असेल. मी तेव्हा दहा वर्षांची राहिले नव्हते. मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझं नाव लागायचं होतं आणि त्यासाठी तुमची शिफारशीची चिठ्ठी हवी होती. आई लगेच उठून तुम्हाला जाब विचारायला गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मला आठवत न्हाय, आई," मी म्हणाले. तुमची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मिळाली.