अस्वलाचं शेवटचं पान

प्रिय चिमणे,

पस्तिशी उलटलेल्या बाईला चिमणी म्हणतोय, राग आला तर येऊ दे, पण पत्र फाडू नकोस. फाडाफाडी हे माझं काम. तुझ्या पुस्तकाची नमुनाप्रत मी आल्या दिवशीच फाडली. प्रकाशकबाईंनी सोबत कागद जोडला होता, की यातले फोटो मी काढलेले आहेत, माझ्या सहीशिवाय पुस्तक छापता येणार नाही. मला वाटलं, वा, लेकीला बापाची आठवण झाली! ऐटीत चहा घेऊन बसलो. पाचव्या पानाला कप भिंतीवर फुटला होता. एकाहत्तर वर्षं झाली मला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

फोटो माझेच आहेत, त्यात वाद नाही. नवी लेन्स आणली की रविवारी घरातल्या रिकाम्या खोल्यांवर मी ती तपासून बघायचो. ते फोटोंचं खोकं तुझी आई घेऊन गेली होती, हे आत्ता कळलं. त्या फोटोंवर तू रंगानं एक अस्वल काढलंस, दोन चिमण्या काढल्यास, आणि खाली तुझ्या आईच्या चार-चार ओळी. ती लिहिते हे मला माहीतच नव्हतं. माझ्या घरात तिनं नुसतं तोंड उघडलं तरी माझं डोकं फिरायचं, लिहिणार कुठून?

स्वयंपाकघराच्या फोटोत अस्वल पातेलं भिरकावतं आणि ते खिडकीबाहेर जातं. खरं तर ते उकळत्या पाण्यासकट तिच्या खांद्यावर गेलं होतं. जिन्याच्या फोटोत अस्वल मोठ्या चिमणीला पंख धरून खाली ओढतं. मी केसांना धरलं होतं, आणि प्रत्येक पायरीवर तिचं डोकं आपटत होतं. कपाटाच्या फोटोत तू दाराच्या फटीत फक्त एक डोळा काढलायस. तो बघून तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं आहे, सगळं खोटं आहे, असं मी रिकाम्या घरात ओरडत सुटलो. शेजारच्या म्हातारीनं घाबरून दार ठोठावलं, तर तिच्याच अंगावर धावून गेलो. बिचारी चपला टाकून पळाली.

मग नववं पान आलं. माझी डार्करूम. तू सात वर्षांची होतीस. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दोरीवर वाळत होते, आणि तू खडूनं नवऱ्यामुलाला शेपूट आणि त्याच्या सासूला मिशा काढल्यास. मिशा झकास होत्या गं. तेव्हा मात्र मी तुझा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि लाकडी फ्रेम त्यावर हाणली. एकदा नाही. दोन बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि त्यानंतरही मी एकदा मारलं. डॉक्टरांना सांगितलं की हात दारात सापडला. तुझ्याकडूनही तेच वदवून घेतलं. पुस्तकातही चिमणीचा पंख दारातच सापडतो. माझी थाप तू इतकी वर्षं सांभाळलीस? की लहान पोरं घाबरतील म्हणून? प्रकाशकबाई कौतुकानं लिहितात, की चित्रकार डावखुऱ्या आहेत. त्यांना काय ठाऊक, तू जन्मानं उजवी होतीस.

पुढचे तीन दिवस मी ते तुकडे खळीनं चिकटवत बसलो होतो. पानं वाकडी बसली. चिकटवायची म्हणजे प्रत्येक तुकडा नीट बघावा लागतो, सुटका नाही. असं करता करता शेवटच्या पानावर आलो. अस्वल पायरीवर बसून 'चुकलो' म्हणतं आणि चिमण्या त्याला शेजारी जागा देतात. चित्र सुरेख आहे. पण चिमणे, मी कधी म्हटलं होतं गं तसं? बोटं मोडल्यावर? तुम्ही गेल्यावर? कधीच नाही. ते पान वाचून कुठलीतरी पोर कपाटात बसून त्या शब्दाची वाट बघत राहील. तू बघायचीस. मला तो डोळा दिसायचा, आणि मी दिवा मालवून निघून जायचो.

सही केलेला कागद सोबत आहे. अट काही नाही. आयुष्यभर अटीच घातल्या. फक्त एक मागणं आहे, त्यासाठीच हे लिहायला घेतलं. ते शेवटचं पान काढून टाक. त्या जागी, वाटलं तर, सोबतचा फोटो घाल. आजवर कुणाला दाखवला नव्हता. तुम्ही गेलात त्या सकाळी मी वरच्या खिडकीतून काढलाय. रस्ता, तुझी आई, तिच्या हातात पिशवी, आणि तुझा प्लास्टरमधला हात. कॅमेरा खाली ठेवला असता तर धावत येऊन दोघींना फरफटत वर आणलं असतं, म्हणून ठेवला नाही. तेवढं एकच बरं काम केलं मी. तुम्ही दोघी मागं वळून बघत नाही आहात, ते पोरांना दिसू दे. चुकलो मी, पण हे तुझ्यापुरतं, पुस्तकात नको. आणि या फोटोवर अस्वल काढू नकोस. ते कॅमेऱ्यामागे उभं आहे.

तुझाच, तू मानलंस तर,
बाबा