बाबांच्या खोलीतला मुकादम

बाबा, आज मी तुला तू म्हणणार आहे. जिवंत होतास तेव्हा तुम्ही, तुमचं, तुम्हाला करून तोंड दुखायचं, आणि एकदा चुकून 'तू' निघालं तर पायातली चप्पल हातात घेतली होतीस. आता घे बघू. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. सरावलीच्या या घराचं लाइट बिल माझ्या नावावर येतं, आणि मी तुझ्या खोलीत पाय पसरून बसलेय. तुझा सागवानी पलंग, ज्याला आम्ही नुसता हात लावला तरी तू खेकसायचास, तो मी २०१४ साली फोडून घेतला आणि बंबात घातला. आठवडाभर अंघोळीचं पाणी त्याच्यावर तापलं. छान तापलं. पलंगाच्या जागी आता पाच फुटांची काचेची टाकी आहे, तिच्यात खारं पाणी आहे आणि पाण्यात मासे आहेत. खायचे नाहीत, पाळायचे. तुझा फोटो समोरच्या भिंतीवर तसाच ठेवलाय, तोही मुद्दाम. बघत बस.

तुला ती बरणी आठवत नसणार. मला आठवते. मी चौथीत आहे, वेवजीला मामाच्या शेतात भाताच्या खाचरातून बोटाएवढे मासे ओंजळीने पकडलेत आणि बिस्किटांच्या काचेच्या बरणीत घालून एसटीने आणलेत. सगळा रस्ता बरणी पोटाशी धरून. दिवाळीपर्यंत ते जगले. भाताचं शीत चुरून टाकायचे, काचेला बोट लावलं की सगळे बोटापाशी यायचे. मग एका रविवारी तू वाडीवरच्या कुणाला तरी घेऊन आलास, बाटली काढलीस आणि आईला म्हणालास, "चाखण्याला काय आहे?" काही नव्हतं. तुझी नजर बरणीवर गेली. आई म्हणाली, "अहो, ते पोरीचे आहेत." तू म्हणालास, "आणि पोरगी कुणाची आहे?" एवढंच. पुढे तव्याचा आवाज. मी मोरीत जाऊन बसले होते तर हाताला धरून आणलंस, पाटावर बसवलंस आणि दोन मासे माझ्या ताटात टाकलेस. "खा. मासा खायचा असतो, बघायचा नाय." मी खाल्ले. काट्यांसकट खाल्ले, कारण थुंकले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरले असते कदाचित. पण तू ती गोष्ट सांगत फिरलास. लग्नात, बारशाला, चिकूच्या वाडीत बायका दुपारी भाकरी खायला बसल्या की त्यांच्यासमोर. "आमच्या पोरीने पाळले, आणि आमच्या पोरीनेच खाल्ले!" आणि लोक हसायचे. मुकादम हसला की हसावंच लागायचं ना त्यांना, दुसऱ्या दिवशी कामावर कुणाला घ्यायचं ते तू ठरवायचास. मी कॉलेजला जाईपर्यंत ऐकली ती गोष्ट. पण बरणीच्या त्या रविवारपासून मी मासा तोंडात घातलेला नाही. डहाणूत राहून मासे खात नाही म्हटल्यावर लोक विचारतात, माळ घातलीय का? मी हो म्हणते. तुझं नाव कशाला काढू?

तलासरीला एका लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासते. एकदा लॅबचं सामान आणायला वापीला गेले होते, तिथे शेजारी माशांचं दुकान. आत काचेत एक आकाशी निळा मासा. तोंड काळं, पाठीवर पिवळा पर आणि गळ्याखाली पांढरा पट्टा. दुकानदार म्हणाला, "बेन, आ पावडर ब्लू टँग. सर्जनफिश. हाथ मत डालना." शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं असतं त्याला, डॉक्टरच्या सुरीसारखं, चिडला की शेपटी फिरवून कापतो. नाजूकही तेवढाच. पाणी जरा बिघडलं की अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठतात आणि संपला. मी म्हटलं, हाच पाहिजे. आधी दोन महिने नुसतं पाणी सांभाळलं, छोटे मासे सोडून बघितले, आणि मग त्याला घेऊन आले. समुद्राचं पाणी पावसात गढूळ आणि कमी खारं होतं म्हणून मीठही वापीहून आणायचे. थेंब टाकून रंग बघायचा, वहीत लिहायचं, हे तर माझं रोजचंच काम. ओहोटीला डहाणूच्या खडकांवरून हिरवं शेवाळ खरवडून आणायचं, गोड्या पाण्यात धुवायचं आणि कपड्यांच्या चिमट्याला लावून टाकीत सोडायचं. शेवाळच खातो तो. तू असतास तर म्हणाला असतास, गवत खाणारा मासा, त्याला चव ती काय लागणार!

नाव आईने ठेवलं. पहिल्याच आठवड्यात ती दारात उभी राहून बघत होती. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता, चिमट्यापाशी दुसरा कुठला मासा आला की अंगावर धावून जात होता, आणि स्वतःचं खाणं झाल्याशिवाय कुणाला फिरकू देत नव्हता. आई म्हणाली, "अगं बाई, अगदी हे. गळ्यात टॉवेलसुद्धा तसाच." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मुकादम! त्या दिवसापासून तो मुकादम. आणि मला जी मजा यायला लागली म्हणतोस! संध्याकाळी कामावरून आले की तो काचेला तोंड लावून उभा असायचा. मी आधी हातपाय धुवायचे, मग चहा टाकायचे, मग तो चहा त्याच्यासमोर खुर्ची घेऊन सावकाश प्यायचे. थांब की जरा. आम्ही नाही का थांबलो, तुझं ताट उचलेपर्यंत? मग द्यायचे शेवाळ, माझ्या मर्जीने. तीन वर्षं असं मी तुला रोज वाढलं, बाबा, आणि रोज ताटकळत ठेवलं.

हे असंच चाललं असतं. पण तिसऱ्या वर्षीच्या पितृपक्षात तुझ्या तिथीला आईने पान वाढलं, खीर, वडे, भाजी, सगळं तुझ्या आवडीचं, आणि छपरावर ठेवलं. कावळा आला नाही. ती उन्हात उभी राहून 'काव काव' करत राहिली. मी तलासरीला गेले होते. परत आले तर टाकी पांढरीफटक, ताकासारखी. वरती वड्याचा तेलकट तवंग. आईने सगळं पान टाकीत सोडलं होतं! मी ओरडले तर ती शांतपणे म्हणते, "कावळा बाहेरून कशाला येईल गं? ते घरातच आहेत की. मी हात जोडले, सांगितलं, घ्या. त्यांनी खीर चाखली, मी बघितलं ना." मी चार दिवस पाणी बदलत होते, कंबर मोडली. बाकीचे छोटे मासे गेले, ते जाळीने उचलून काढले. मुकादम जगला. तोच जगणार.

पण माझं डोकं पाण्यासाठी नव्हतं फिरलं. मला कळलं की मी ज्याला ताटकळत ठेवत होते, त्याला ती माझ्या पाठीमागे हात जोडत होती. सकाळी मी गेले की खोलीत जाऊन बसायची, त्याला माझ्या भावाच्या पोरांची खबर सांगायची, माझं लग्न जमलं नाही त्याबद्दल माफी मागायची. त्याला! म्हणजे मी तुला घरातून काढला असं समजत होते, आणि मीच पैसे मोजून परत आणून बसवला होता. आईला या वयात तरी एक दिवस तुझ्याशिवाय मिळावा, एवढंच मला पाहिजे होतं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

मी वापीला गेले आणि दुकानातला सगळ्यात मोठा पट्टेवाला टँग मागितला, निळ्यापिवळ्या रेघांचा. दुकानदाराने दोनदा विचारलं, "अंदर दुसरा टँग छे? तो मत ले जाव, बेन. मारी नाखशे." मारून टाकेल. मी म्हटलं, टाकी नवी आहे, रिकामी आहे. आणि शनिवारी दुपारी पट्टेवाल्याला पाण्यात सोडला आणि खुर्ची ओढून बसले. मुकादम आधी नेहमीच्या थाटात धावून गेला. पट्टेवाला हललासुद्धा नाही. मग दोघं अंगाला अंग लावून गोल फिरायला लागले, आणि मग शेपट्या. काचेवर ठक ठक आवाज यायचा. संध्याकाळपर्यंत मुकादमाचा पिवळा पर फाटला होता. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. अंगातला कितीतरी वर्षांचा ठणका थांबल्यासारखं वाटलं. तुझ्या फोटोकडे बघून मी म्हटलं, कसं वाटतंय मुकादम? चाखण्याला काय आणू?

रविवारी तो पंपाच्या मागे कोपऱ्यात जाऊन आडवा झाला. शेवाळ लावलं तरी येईना. पट्टेवाला दर थोड्या वेळाने जाऊन त्याला फटका मारून यायचा. आई मागे उभी. "अगं काढ त्याला. मारतोय तो." मी ऐकलं नाही. "काढ गं, तुझ्या पाया पडते." मी म्हटलं, "मासे आहेत, आई. मासे भांडतात." शेवटी तिने स्वयंपाकघरातून गाळणं आणलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आणि मुकादमाने, बाबा, त्या अर्धमेल्या मुकादमाने शेपटी फिरवून तिच्याच तळव्यावर पातं चालवलं. पाण्यात रक्ताची रेघ उठली. जाता जाताही तुझा हात तिच्यावरच उठला, तुला दुसरं येतं काय! मी हळद आणायला धावले. परत आले तर ती तळवा दाबून धरून काचेजवळ वाकली होती. म्हणाली, "घाबरलाय गं तो. त्यांना मी असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं." आणि रडायला लागली. ती तुझ्यासाठी रडत होती की माशासाठी, विचारायची मला हिंमत झाली नाही.

सोमवारी मी लॅबला दांडी मारली. दुपारी तो गेला. मेल्यावर त्याचा निळा रंग उतरला, राखाडी झाला, कुठल्याही बाजारातल्या माशासारखा. मी त्याला कागदात गुंडाळून परसात पुरला. पट्टेवाला अजून आहे, टाकीत एकटाच फिरतो, त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. आईच्या तळव्यावर वण राहिलाय. तिच्यात फरक पडला तो एवढाच की ती आता त्या खोलीत येत नाही. तुझ्यापासून सुटली ती, माझ्या मनासारखं झालं. पण माझ्याशीही ती जपून बोलते. चहा देताना माझा चेहरा आधी बघून घेते. तुझा बघायची ना, तसाच.

हे पत्र टाकायचं कुठे? तुझा पत्ता एकट्या आईला माहीत होता, तोही मी पुसला. घडी घालून कपाटात ठेवीन किंवा फाडून टाकीन. पण एक राहिलंय ते लिहून टाकते. मुकादमाला पुरून मी आत आले तेव्हा आई म्हणाली, "तुला जाळी सापडत नव्हती, ना? नाहीतर काढला असतास तू." तुझ्यासाठी ती अशाच सबबी शोधायची. 'त्यांना माहीत नव्हतं गं, ते मासे तुझे लाडके होते म्हणून.' मी म्हटलं, "हो आई, सापडली नाही." तीन दिवस जाळी माझ्या मांडीवर होती.