उंदरं राखणारी डॉक्टरीण

मामा, तुम्ही जाऊन आता अठरा वर्षं होत आली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की हात आधी डोक्यावरच्या पदराकडं जातो. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तुम्ही ओसरीवर चार हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि मी पोरीला म्हणायची, "आबांना म्हण, भाकर झाली." तुम्हीही तिलाच सांगायचे, "आईला म्हण, येऊन राहिलो." वीस वर्षं आपण असे पोरीच्या तोंडून बोललो. समोरासमोर मी एकदाच बोलले, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत माफ केलं नाही. माफी मीही मागितली नाही. आजही मागायला बसलेली नाही.

नात डॉक्टर होणार म्हटल्यावर तुम्ही कनेरगाव नाक्यावर रस्त्याच्या कडेची एक खोली बघून ठेवली होती. तिला चुना तुम्ही स्वतः मारला. बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचे, "जरा दम धर, आता सुई आपल्याच पोरीच्या हातची घ्यायची." गुडघेदुखीवाले दोघं-तिघं तेवढ्यासाठी खरंच थांबून राहिले होते.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, सोयाबीन काढून झाल्यावर, डॉक्टरकीची पहिली पदवी घेऊन पोरगी घरी आली. मी शाळा पाहिली नाही, तिच्याच पुस्तकांवरून अक्षरं जुळवत लिहा-वाचायला शिकले. म्हणून मला कळेल असं तिनं सांगितलं. पुढं दोन वाटा होत्या. एका वाटेनं तीन वर्षं शिकून मोठी पदवी घ्यायची आणि दवाखाना टाकायचा. दुसऱ्या वाटेनं पदवी आणि संशोधन दोन्ही एकत्र करायचं, अर्धा जीव रोग्यांत, अर्धा प्रयोगशाळेत, आणि त्याला सहा-सात वर्षं. तिला दुसरी वाट हवी होती. तिच्या वॉर्डात दोन लेकरं होती. ताप एकच, औषध एकच. एक उड्या मारत घरी गेलं, दुसरं गेलंच. मोठे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. "पर काहून होतं आई, ते कोणी बघतच न्हाई," ती म्हणाली.

तुम्ही ओसरीवरून ऐकत होता. विचारलं, "त्या प्रयोगशाळेत असतं तरी काय?"

"उंदरं असतात आबा. औषध आधी त्यांच्यावर तपासायचं."

"वा रे वा! सात पिढ्या मेंढरं राखली, आता आमची डॉक्टरीण उंदरं राखणार. लोकर तरी निघती का त्यांची?"

तुमचा लेक हसला. पोरगी मान खाली घालून बसली. ती मान बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"मामा," मी थेट तुमच्याकडं बघून म्हणाले, "मेंढरू मेलं की बाकीचे पुरून मोकळे व्हायचे. तुमी फाडून बघायचे. काळजात चपटे किडे निघाले तवा तुमी त्या डबक्यावर कळप न्यायचं बंद केलं. त्यानं मेलेलं मेंढरू उठलं का? न्हाई. पर कळप वाचला. पोरगी तेच करून राहिली. ती जाईल."

तुम्ही काठी उचलून उठलात. "सुनंनं शिकवायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं," एवढंच म्हणालात. आठ दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली नाही, भावाकडं जेवलात. नवव्या दिवशी परतलात ते माझं पटलं म्हणून नाही, तिकडचं भाकरीसोबतचं अळणी कोरड्यास तुमच्या घशाखाली उतरेना म्हणून. मी मुद्दाम झणझणीत ठेचा वाढला.

पोरगी अजून शोधतेच आहे. आठवड्यातून दोन दिवस रोगी बघते, बाकीचे दिवस प्रयोगशाळेत. मी विचारते, सापडलं का? ती म्हणते, "थोडं सापडलं." गावातले अजून टोमणा मारतात, "तुमची खरी डॉक्टर हाय का नुसती शिकलेली?" मी सांगते, तुमच्या डॉक्टराला जे ठाऊक नाही ते हुडकणारी आहे. पुन्हा ती ओसरी आणि तुम्ही समोर आलात, तरी मी तेच बोलेन, त्याहून मोठ्यानं.

फक्त एक आहे. तुमच्या छातीत कळ आली त्या दुपारी बाजेवर घालून तुम्हाला नाक्यापर्यंत आणलं होतं, आणि वाशिमला न्यायला जीप येईना. तुमचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. समोर ती खोली, कुलूप लावलेली. घटकाभर मला वाटलं, म्हातारा बराबर बोलत होता. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या डोळ्यांत तुम्हाला ते दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. जीप आली तोवर उशीर झाला होता.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोरीला मी दाखवायची नाही.